नागापुरातली दोन सीटची गाडी

गाडी बघायला निघताना मी पिशवीत चार गोष्टी टाकते. विजेरी, लोहचुंबक, जुना टॉवेल आणि पाण्याची बाटली. विजेरी गाडीच्या पोटात बघायला, लोहचुंबक पत्र्यावर फिरवायला, टॉवेल जमिनीवर अंथरून गाडीखाली शिरायला. बाटली माझ्यासाठी. जुनी गाडी विकणारा माणूस चहा लगेच मागवतो, पाणी मात्र मागावं लागतं. चहा मी गाडी बघून होईपर्यंत घेत नाही. एकदा त्याचा चहा प्यायला की त्याच्या गाडीखालचं तेल आपल्याला जरा कमीच दिसायला लागतं.

"मी गाड्या बघून देते," असं सांगितलं की नवीन माणूस हसतो. मुली बघून देतात तशा का, असं विचारणारेही भेटतात. काम तसंच आहे, फक्त इथे पत्रिकेऐवजी आरसी बुक असतं आणि वय लपवायची हौस दोन्हीकडे सारखीच. मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, नगरमध्ये एका गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला बरीच वर्षं काउंटर सांभाळला, आणि तिथे रोज एक गोष्ट पाहिली. लोक जुनी गाडी आधी घेतात आणि मग ती कशी आहे ते विचारायला येतात. हे उलटं करायला कुणीतरी हवं, असं वाटलं आणि नोकरी सोडली. आता कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला आधी फोन येतो. मी जाते, बघते, दोन पानं लिहून देते.

बाहेरच्या माणसाला हे काम जादूचं वाटतं. तसं त्यात काही नाही. चुंबक पत्र्याला चिकटायला कुरकुरलं की तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला असतो. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडाला असेल तर पाना लागलेला आहे, म्हणजे पुढून मार बसलेला आहे. सगळ्या काचांवर बारीक अक्षरात त्यांचं साल असतं. एकच काच धाकटी निघाली तर तिची मोठी बहीण कशात गेली ते विचारायचं. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर गालिचे बघत बसायचं नाही, ते कुणीही बदलतो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. पुराचा गाळ पट्ट्याच्या तळाशी, गुंडाळीत राहतो. एकदा समुद्राकडून आलेल्या एका चकचकीत गाडीचा पट्टा मी ओढला, तर शेवटच्या वितीवर मातीची सरळ रेघ. विकणाऱ्याने ती रेघ अशी बघितली की जणू ती मीच आत्ता मारली.

असं सगळं मी यादीप्रमाणे बघते. यादी मी स्वतः तयार केली आहे आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी ती दुरुस्त करते. पण यादीच्या शेवटी 'घ्या' किंवा 'घेऊ नका' अशी ओळ नाही. गाडीत काय आहे ते मी सांगते. घ्यायची की नाही ते घेणाऱ्याने ठरवायचं. हा नियम मला राजूरच्या एका भांडीवाल्यामुळे सापडला.

हा भांडीवाला राजूरच्या बाजारातून माल भरून डोंगरातल्या वाड्यांवर विकायला जायचा. त्याने एक जुनी जीप बघायला मला बोलावलं. जीप तेल पीत होती, स्प्रिंगचे पाटे मोडकळीला आले होते, चासीला वेल्डिंग होतं. मी सगळं सांगितलं आणि वर ठणकावलं की ही घेऊ नका. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मॅडम, ही माज्या आधीच्या भांडीवाल्याची हाय. तो आता थकला. वाडीच्या खाली हिचा आवाज आला की बाया मोडीचं पितळ घेऊन बाहेर येत्यात. नव्या गाडीला कोन येनार?" त्याने ती घेतली. इंजिनाचं काम करताना मेस्त्रीला बजावलं म्हणे, की आवाज बदलता कामा नये. त्यानंतर मी कुणालाही घ्या किंवा नको असं सांगितलं नाही. माझ्या यादीत आवाज आहे, पण तो कुणाच्या ओळखीचा आहे का, हा मुद्दा नाही.

तर असा माझा पक्का नियम होता आणि तो मला फार आवडायचा. संपतच्या गाडीने त्या नियमाचं काय केलं ते मला अजून नीट समजलेलं नाही. म्हणून ते इथे लिहिते.

संपत देवळाली प्रवराचा. भाऊ दोन, मोठे भास्करदादा आणि हा. ऊस आहे, शिवाय संपतची उसाच्या रोपांची रोपवाटिका आहे, ती चांगली चालते. त्याने फोनवर विचारलं, "ताई, एक गाडी बघायची हाय. दोनच सीटची हाय."

मी विचारलं, टेम्पो का? रोपं वाहायला?

"न्हाई. स्पोर्ट्सची."

आमच्या जिल्ह्यात स्पोर्ट्स कार बघून द्या असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याला माझे नेहमीचे प्रश्न विचारले. रोज किती चालवणार, कोण चालवणार, रस्ता कसा. उत्तरं सगळी चुकीची होती. रोज चालवणार नाही, रस्ता खराब आहे, गावात शिरतानाच मोठा गतिरोधक आहे. मग हवी कशाला, असं मी सरळच विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं.

घरात अकरा माणसं आणि एक सात सीटची जीप. लग्न असो, दवाखाना असो, सगळे एकदम निघतात. संपत चालवतो. त्याच्या शेजारची सीट दादांची. मधे आई, मोठ्या वहिनी, कुणी पाहुणा असेल तर तो. आणि सगळ्यात मागे, आडव्या बाकावर, मुलं आणि पिशव्यांच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन मंगल, म्हणजे संपतची बायको. लग्नाला मुलगी कॉलेजात जाईल इतकी वर्षं झाली, पण ती नवऱ्याच्या शेजारी कधी बसलेली नाही. आरशात दिसते म्हणाला, पण मधे कुणाचं तरी डोकं येतं.

मी म्हटलं, मग एखादी साधी छोटी गाडी घ्या. चार सीटची.

"चार सीटची घेतली की चार जनं येत्यात, ताई."

आणि दोन सीटची घेतली तर घरात काय म्हणतील, हेही त्यानेच सांगितलं. म्हणायला सुरुवात झाली होती. घरात वेगळी गाडी, तीही दोघांपुरती, म्हणजे वेगळं निघायची पहिली पायरी. वहिनींनी जेवताना विचारलं होतं की चूलही वेगळी मांडायची का, म्हणजे तसं सामान आणायला बरं. आई बोलत नव्हती, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. संपतला घर सोडायचं नव्हतं. त्याला फक्त महिन्यातून एकदा बायकोला शेजारी बसवून कुठेतरी जाऊन यायचं होतं. दादांनी शेवटी एवढंच कबूल केलं की गाडीवाल्या मॅडम बघू देत, त्यांनी चांगली म्हटली तर विचार करू. म्हणजे एका घरातला प्रश्न माझ्या दोन पानांवर येऊन पडला होता. मी तारीख दिली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की मी गाडीचा रंगसुद्धा विचारला नाही.

रंग गडद निळा होता. गाडी नागापूरच्या एमआयडीसीत, स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आवारात, तारेच्या भेंडोळ्यांमधे ताडपत्रीखाली उभी होती. संपत रोपांचे ट्रे भरायच्या मशीनच्या स्प्रिंगा न्यायला तिथे गेला असताना वाऱ्याने ताडपत्री उडाली आणि त्याला ती दिसली, असा हा सगळा योग. किंमत इतकी कमी की तेवढ्यात शोरूममधून एक साधी छोटी गाडी आली असती. कारखान्याला सुट्टी होती. मालक स्वतः आले होते, त्यांना मी स्प्रिंगवाले शेठच म्हणेन.

देवळालीची जीप आत आली. संपत चालवत होता, शेजारी दादा. मधली सीट पूर्ण रिकामी होती. जीप थांबली आणि मंगल मागचं दार उघडून मागच्या बाकावरून उतरली. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही. मधे कुणी नसताना मधे बसावं, हेही तिच्या डोक्यात आलेलं नसावं.

मी टॉवेल अंथरला आणि कामाला लागले. कमी किमतीला कारण असतं, हा या धंद्यातला पहिला धडा. मार खाल्लेला असतो, बुडालेली असते, बँकेचा बोजा असतो, कुठल्यातरी राज्यातली दंडाची पावती थकलेली असते. मी कारण शोधत राहिले. चुंबक सगळीकडे सारखं चिकटलं. काचा एका वयाच्या. बोल्टांना पाना लागलेला नाही. पट्टे शेवटपर्यंत स्वच्छ. गाडीचं पोट रस्त्यापासून वीतभर उंच, आणि त्यावर एक ओरखडा नाही. पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं, सीटची कड, सगळं किलोमीटरच्या काट्याशी जुळत होतं. थंड इंजिन पहिल्या झटक्याला लागलं आणि सायलेन्सरमधून धूर नाही. आरसीवर बोजा नाही. मी यादी वरपासून पुन्हा एकदा केली. असं मी करत नाही.

शेवटी मी शेठना विचारलं, की एवढी स्वस्त का देताय. ते म्हणाले की पन्नाशीला स्वतःला भेट म्हणून त्यांनी ही सेकंडहँडच पुण्याहून आणली. बायको एकदा बसली. बसताना पडल्यासारखी बसली आणि उठताना दोघांनी हात धरून काढावी लागली, त्यानंतर तिने गाडीकडे बघितलं नाही. पार्ट पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात. विकायला काढली तर माणसं येतात, फोटो काढतात, घरच्यांना घेऊन परत येतात, घरचे सीटा मोजतात आणि जातात. "गाडीत दोष नाही मॅडम," शेठ म्हणाले, "दोष नगरमध्ये आहे. इथे कुणी दोघं जातच नाहीत कुठे."

म्हणजे कारण मिळालं. पण ते यादीत कुठे लिहायचं ते कळेना.

दादा तोवर गाडीभोवती हात मागे बांधून फिरत होते. साठीकडे झुकलेला, शांत, पांढऱ्या टोपीतला माणूस. काचेला डोळे लावून त्यांनी आत बघितलं.

"मॅडम, ह्यात आई कुठं बसायची?"

मी म्हटलं, बसायची नाही. दोनच सीट आहेत.

"मागं थोडी जागा हाय की."

ती पिशवीसाठी आहे, मी सांगितलं.

"म्हंजे पिशवीला जागा हाय, आईला न्हाई," ते म्हणाले. रागाने नाही, मोजमाप घेतल्यासारखं.

थोड्या वेळाने त्यांनी मला भेंडोळ्यांच्या पलीकडे बोलावलं आणि एखादी खोट निघते का बघा म्हणाले. मी म्हटलं, नाही निघत. बारकी सुद्धा? मी सांगितलं की टायर वापरले नसले तरी वयाने कडक झालेत, चारही बदलावे लागतील. त्यावर ते म्हणाले की टायर तर ट्रॉलीचे पण बदलतात, त्यावर भागायचं नाही. मी विचारलं, तुम्हाला गाडी नको आहे का? तेव्हा ते पहिल्यांदा अडखळले.

"मी न्हाई म्हनलो तर जल्मभर म्हनत्याल, दादानं आडवं लावलं. व्हय म्हनलो तर आई म्हनंल, तू घर फोडायला हात दिला. म्हून म्हनतो मॅडम, गाडीनंच न्हाई म्हनावं."

मी त्यांना सांगितलं की नसलेली खोट मी लिहू शकत नाही. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं होतं ते चिडतील. पण माझ्याकडून हेच ऐकायची खात्री असल्यासारखे ते परत गेले, आणि मीच तिथे तारेकडे बघत उभी राहिले. माणूस वाईट असता तर सोपं होतं.

मंगल गाडीपासून हातभर लांब उभी होती. मी तिला आत बसून बघा म्हटलं. नंतर बसते म्हणाली. मग तिने विचारलं, ह्याच्या दारात पदर अडकतो का? प्रश्न चांगला होता, माझ्या यादीत नव्हता. मी स्वतः बसून ओढणीचं टोक सोडून बघितलं. दार लांब आणि खाली, टोक अडकलं. आत ओढून बसावं लागेल, मी सांगितलं. ती हसली.

"त्यांना वाटतं मला हौस हाय," ती हळूच म्हणाली.

नाही का, मी विचारलं.

"हाय की. पन माज्या हौसेपायी सगळं घर आठ दिस नीट जेवलं न्हाई, त्याचं काय करू?"

आता ट्रायल राहिली. माझी पद्धत अशी की ट्रायल दोनदा. एक इंजिन थंड असताना, एक चांगलं तापल्यावर. दोन्ही वेळा गाडी घेणाऱ्याने चालवायची आणि मी शेजारी बसून ऐकायचं. काही आवाज फक्त शेजारच्या सीटवरून ऐकू येतात. संपत चाकामागे बसला. मी शेजारचं दार उघडलं, यादी हातात घेतली, चष्मा पुसला, आणि तेवढ्यात दादा आत जाऊन बसले.

त्यांनी मुद्दाम केलं असतं तर मी त्यांना उतरवलं असतं. पण त्यांनी मुद्दाम काहीच केलं नव्हतं. संपत चालवायला बसला, शेजारचं दार उघडलं, दादा बसले. इतकी वर्षं जीपमधे हेच होत आलं होतं. संपतनेही वळून बघितलं नाही, गिअर टाकला. दार लागलं, आणि निळी गाडी दोघा भावांना घेऊन गेटातून बाहेर गेली. दोन सीट होत्या, दोन्ही भरल्या होत्या.

मी आणि मंगल आवारात उभ्या होतो. इंजिनाचा आवाज लांब गेला.

"बघा ताई," ती म्हणाली. "आधी मागं का हुईना, संगं तरी हुते."

संपतने सगळ्याचा विचार केला होता, घराचा, दादांचा, गतिरोधकाचासुद्धा. दोन सीटची गाडी आणली तर दुसरी सीट कुणाची होईल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी पूर्ण गाडी दोनदा तपासली होती.

ते परत आले. दादा उतरायला जरा कष्टले, पण चेहरा वेगळाच होता. पाठ टेकली की उठू वाटत नाही म्हणाले, आणि वळणावर गाडी रस्त्याला चिकटून जाते हे हाताने करून दाखवलं. संपत खूश होता. भाऊ खूश झाला म्हणून खूश, हे दिसत होतं. मग त्याची नजर मंगलकडे गेली आणि काय झालं ते त्याला कळलं असावं, कारण तो उगाच बाजूचा आरसा पुसायला लागला.

दुसरी ट्रायल माझी होती. तापलेल्या इंजिनाची ट्रायल मी कधी सोडत नाही. खरी दुखणी त्यातच समजतात. त्या दिवशी मी ती सोडली. मंगलला म्हटलं, तुम्ही बसा, फक्त वळणावर खालून खट् आवाज येतो का ते ऐका आणि मला सांगा. म्हणजे तिला काम दिलं. कामाशिवाय ती बसली नसती. तिने दादांकडे पाहिलं. दादा तारेच्या भेंडोळ्याला हात लावून बघत होते. तिने पदर आत ओढून घेतला आणि बसली, शेठच्या बायकोसारखी पडल्यासारखी. शेठ हसले नाहीत, ते मला आवडलं.

पहिली फेरी जेवढ्यात झाली तेवढ्यात ही झाली नाही. दादा दोनदा गेटापर्यंत जाऊन आले. मग माझ्याजवळ पायरीवर बसले आणि तिकडे न बघता म्हणाले, "मॅडम, पुढं बसायचा मला सोस हाय असं न्हाई. मागं बसलो की पोटात ढवळतं. उलटी हुती. ल्हानपनापास्नं."

घरात माहीत नाही का, मी विचारलं.

"मोठ्या मान्साला गाडी लागती, हे काय सांगायचं असतं का?"

मला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. एका घरात इतकी वर्षं एक सीट मानाची म्हणून राखलेली होती. मानाचा माणूस ती औषधासारखी वापरत होता. हे मी संपतला सांगावं का, मंगलला सांगावं का? ते माझ्या कामात बसतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पाण्याची बाटली काढून दादांना दिली.

गाडी परत आली. मंगल उतरली. केस विस्कटले होते, आणि ती वाऱ्यात धावून आलेल्या लहान मुलीसारखी दिसत होती. तिने आधी माझं काम सांगितलं, वळणावर खट् होत नाही. संपतने इंजिन बंद केलं आणि तिला सगळ्यांसमोर विचारलं, की कशी वाटली.

"लई ब्येस हाय," ती म्हणाली. "पन घ्यायची न्हाई."

संपतला वाटलं ती दादांना भिऊन म्हणतेय. त्याने तसं म्हटलंही. तिने मान हलवली.

"आपन दोघं निघालो की बाकीची दारात हुबी ऱ्हात्याल. वारं चांगलं लागलं, पन मला सगळ्या वाटंनं तीच दिसत हुती."

आता दादांना सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. गाडीने नाही म्हटलं नाही, पण घरच्या सुनेने म्हटलं. घर वाचलं, दोष त्यांच्यावर नाही. पण ते पुढे आले आणि म्हणाले, "घे म्हनतो मी. आईचं मी बघून घेतो."

मंगल नको म्हणत होती. दादा घे म्हणत होते. संपत चावी हातात फिरवत होता आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं ते नक्की काय होतं, हे तो विसरल्यासारखा दिसत होता. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. शेठनेही पाहिलं.

"तुमी सांगा मॅडम," दादा म्हणाले. "घ्यावी का न्हाई?"

माझ्या हातात दोन पानं होती. टायर सोडून सगळं चांगलं. एवढी चांगली जुनी गाडी मी त्याआधी किंवा नंतर तपासलेली नाही. आणि माझा नियम होता. पण नियमाच्या मागे लपतेय असं मला तेव्हा वाटलं, म्हणून मी बोलायला तोंड उघडलं. घ्या म्हणावं तर ती दुसरी सीट कुणाची हे मला माहीत होतं. घेऊ नका म्हणावं, तर हिने आत्ता जे वारं घेतलं ते पुन्हा कधी? मी म्हटलं, "गाडी चांगली आहे. घरी जाऊन ठरवा."

इतकं निरुपयोगी वाक्य मी धंद्यात दुसरं उच्चारलेलं नाही.

गाडी त्यांनी घेतली नाही, हे सांगून टाकते. चार दिवसांनी संपतने तसा फोन केला, आवाज नेहमीचा होता. ती पुढे पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने नेली. नियम मी बदलला नाही. यादीत दोन ओळी वाढवल्या. पदर अडकतो का, ही एक. घेणाऱ्याच्या शेजारी कोण बसणार, ही दुसरी. ही दुसरी ओळ विचारली की बहुतेक गिऱ्हाइकं म्हणतात, त्याचा काय संबंध. पण कुणी थांबून विचारही करतं.

त्या दिवशी मात्र असं झालं. मी टॉवेल झटकून घडी करत होते. शेठ ताडपत्री ओढत होते. संपत जीपमधे चाकामागे बसला. दादा सवयीने पुढच्या दाराशी गेले, दांडी धरली, आणि सोडली. मग मधलं दार उघडून मधल्या सीटवर बसले. मंगल तिथेच उभी राहिली. तिने पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग दादांकडे. ते समोर बघत होते. मोठ्या दिराकडे पाठ करून पुढे बसायचं, हे तिला जमण्यातलं नव्हतं. त्यांच्या शेजारी मधे बसणंही नाही. बस, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. संपत आरशात बघत होता आणि आरशात आता दादांचं डोकं होतं. ती मागे गेली, मागचं दार उघडलं आणि नेहमीच्या बाकावर बसली.

मी हाक मारायला पुढे झाले, पण कुणाला मारायची ते समजेपर्यंत जीप हलली. गेटातून बाहेर वळताना जीप मला बाजूने दिसली. पुढे संपत, मधे दादा, मागे मंगल, एकेका रांगेत एकेक माणूस, आणि संपतच्या शेजारी कुणीच नाही. दादांनी खिडकीची काच पूर्ण खाली घेतली होती आणि तोंड वाऱ्याला धरलं होतं.